आसन सोडताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. योगशिक्षिकेचा कोर्स पूर्ण झाला आणि येत्या एक तारखेपासून अंधेरीतल्या एका सोसायटीच्या हॉलमधला सकाळचा वर्ग तुझ्याकडे आला, हे वाचून फार बरं वाटलं. पत्र दोनदा वाचलं. पहिल्या महिन्यात कोणती आसनं कोणत्या क्रमाने घ्यावीत, असं तू विचारलं आहेस. तू लिहून पाठवलेला क्रम चांगला आहे, तो तसाच ठेव. मला तुझ्याशी बोलायचंय ते आसन सोडण्याबद्दल.

शिकताना आपला सगळा जीव आसनात जाण्यावर असतो. पाय किती वर गेला, कपाळ गुडघ्याला टेकलं का. शिकवायला लागलो की सूचनाही तिथेच भरभरून देतो. श्वास सोडत पुढे वाका, टाचा ताणा, खांदे सैल. मग आसनस्थितीत पंधरा-वीस आकडे मोजतो आणि शेवटी एकच शब्द उरतो, 'सोडा'. त्या एका शब्दासरशी निम्मा वर्ग धपकन खाली येतो. अर्धहलासनानंतर, म्हणजे उताणं झोपून पाय सरळ वर धरल्यावर, फरशीवर टाचा आपटल्याचा आवाज तू ऐकला असशील. तो आवाज आला की मी समजते, आज माझं शिकवणं कुठेतरी कमी पडलं.

हे मला फार उशिरा आणि दुसऱ्याच्या दुखण्यातून कळलं. वर्ग सुरू करून दुसरं वर्ष होतं. दादरला एक हॉल सकाळी सहा ते सात मिळायचा. तिथे बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई यायच्या. एक दिवस खाडा नाही. त्यांना सर्वांगासन, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन कंबर-पाय सरळ वर धरणं, यावं हा माझाच हट्ट, त्यांनी कधी मागितलं नव्हतं. दीड महिना भिंतीच्या आधाराने करून घेतलं आणि एका सकाळी आधाराशिवाय जमलं. पाय सरळ वर, चेहरा लालबुंद, डोळ्यांत लहान मुलीसारखा आनंद. मीही इतकी हरखले की पुढच्या ओळीकडे वळून 'बघा, जमतं' म्हणाले आणि त्याच दमात 'सोडा'. माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी कुठे आहे ते बघायला त्यांनी पाय वर असतानाच मान वळवली आणि पाय सोडून दिले.

त्या यायच्या बंद झाल्या. महिन्याभराने भाजी घेताना भेटल्या, मानेला पट्टा होता. रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "माझंच चुकलं, तुम्ही सांगितलं होतंत मान हलवायची नाही." सांगितलं होतं खरं, पण वर जाताना. खाली येताना मी काहीच सांगितलं नव्हतं आणि त्यांच्याकडे बघतही नव्हते. चूक माझी होती, हे त्यांना मी तिथेच, त्या गर्दीत सांगितलं. वर्गाला त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर अय्यंगार पद्धतीने, म्हणजे ब्लँकेट-पट्ट्यांसारख्या साधनांचा आधार देऊन, शिकवणाऱ्या एका बाईंकडे जाऊन मी सर्वांगासन पहिल्यापासून शिकले. घडी घातलेली तीन-चार ब्लँकेट्स खांद्यांखाली, डोकं मात्र खाली जमिनीवर, म्हणजे मानेवर भार येत नाही. उतरताना हात पाठीवरच ठेवायचे, गुडघे दुमडून कपाळाजवळ आणायचे आणि पाठ वरून खाली, मणका मणका करत टेकवायची. कंबर टेकेपर्यंत डोकं उचलायचं नाही. वर जायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ उतरायला द्यायचा. आज हे आसन मी मोजक्याच लोकांना देते. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचं दुखणं असेल तर देतच नाही, मग माणूस पंचविशीतला का असेना. पहिल्या दिवशी प्रत्येकाला हे विचारायचं, आणि सगळ्यांसमोर विचारायचं नाही. लोक चारचौघांत दुखणं सांगत नाहीत.

पतंजलींनी आसनावर तीनच सूत्रं लिहिली. 'स्थिरसुखमासनम्', स्थिर आणि सुखाचं ते आसन, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढच्या सूत्रात प्रयत्नशैथिल्य हा शब्द आहे, म्हणजे केलेला प्रयत्न सैल करणं. तो शब्द मी कित्येक वर्षं नुसता पाठ म्हणत होते. तो डोळ्यांनी पाहिला एका बसचालकाच्या हातात.

हे गृहस्थ रात्रपाळी संपवून थेट वर्गाला यायचे. कंबर धरलेली. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, हात जेमतेम नडगीपर्यंत. पुढे वाकताना दात आवळायचे, श्वास कोंडायचे, आणि वर येताना आधी डोकं झटक्यात उचलायचे, मग बाकीचं शरीर मागून ओढत आणायचे. मी त्यांचं पुढे वाकणंच बंद केलं. समोर खुर्ची ठेवली, तिच्यावर हात आणि कपाळ टेकवायचं, आणि शिकायचं फक्त वर येणं. श्वास घेत आधी कंबर, मग छाती, डोकं सगळ्यांत शेवटी. तीन आठवडे एवढंच. कंटाळले असतील, पण बोलले नाहीत.

शवासनात त्यांची बोटं कायम अर्धवट मिटलेली असायची, अंगठा आत. स्टीअरिंग धरल्यासारखी. हात उघडा ठेवा म्हटलं की उघडायचे, आणि मिनिटाभरात बोटं पुन्हा मिटायची. मी सांगायचं सोडून दिलं. एका गुरुवारी वर्गातून फिरताना सहज लक्ष गेलं, तर उजवा तळवा पूर्ण उघडा पडला होता. अंगठा बाजूला, करंगळी थोडी थरथरत होती. डावा हात अजून मिटलेलाच. मी तिथेच उभी राहिले. त्या दिवशी शवासन पाच मिनिटं लांबलं आणि दोघा-तिघांची लोकल चुकली. पण त्यांना उठवायला माझी जीभ रेटेना.

तू मुंबईत शिकवायला उभी राहते आहेस, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. गुजरातेत माळसरला परमहंस माधवदासजी हे योगी होते. त्यांचे एक शिष्य योगेंद्रजी. त्यांनी १९१८ साली मुंबईत वेसाव्याला योगाची संस्था सुरू केली, तीच आज सांताक्रूझला आहे. दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद, त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था उभी केली. मरीन ड्राइव्हवरचं केंद्र त्यांच्याच संस्थेचं. संसारी माणसाला, नोकरी करणाऱ्याला योग मिळावा ही दोघांचीही धडपड. कुवलयानंदांनी तर उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्या-फिरवण्याच्या क्रिया करताना पोटातला दाब किती बदलतो हे यंत्र लावून मोजलं. गुरूंनी दिलेल्या विद्येवर त्यांची श्रद्धा होतीच, तरी त्यांनी मोजून बघितलं. मला याचं फार मोल वाटतं. तुझ्याकडे यंत्र नसेल, पण डोळे आहेत. वर्गात तू स्वतः सगळी आसनं करून दाखवत राहिलीस तर बघणार कधी? एकदा दाखव आणि उठून ओळींमधून फिर. कोणाचा श्वास अडकलाय, कोणाचे खांदे कानाला लागलेत, कोणाच्या पायाची बोटं वळली आहेत, हे मागून आणि बाजूने दिसतं.

हात लावण्याची घाई करू नकोस. पाठीवर दाब देऊन कोणालाही वाकवायचं नाही, अगदी कोणी स्वतः 'दाबा' म्हणालं तरी. आधार द्यायचा असेल तर आधी विचार.

फीबद्दल तू संकोचाने लिहिलं आहेस. घे. ज्याला जड जाते त्याच्याकडून घेऊ नकोस आणि ते तिसऱ्या कोणाला कळू देऊ नकोस.

वेळेचंही बघ. सोसायटीने तुला सहा दिले आहेत, पण तिथे नळाला पाणी कधी येतं ते आधी विचारून घे. माझ्या पहिल्या वर्गात बायका सव्वासहाला धावत यायच्या आणि मी उशिराबद्दल बोलायचे. मग एकीने सांगितलं, चाळीत पाणी साडेपाचला येतं, भरून झाल्याशिवाय निघता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून पहिली पंधरा मिनिटं मी शिथिलीकरणाला दिली, म्हणजे उशिरा येणारीचं काही बुडत नाही. पावसाळ्यात सतरंज्या ओल धरतात, त्या उन्हाची तिरीप दिसली की लगेच बाहेर टाकायच्या.

आणि तुझा स्वतःचा सराव. वर्ग घेणं हा सराव धरायचा नाही. तुमच्या खोलीत चौघं झोपता, चटई पसरायला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. मीही बारा वर्षं गॅलरीत, चपलांचं कपाट सरकवून केलं. वीस मिनिटं मिळाली तर दोनच आसनं कर. पण त्यातून बाहेर येताना घड्याळाकडे बघू नकोस.

रविवारी सकाळी सातला माझ्याकडे ये. उपाशी पोटी ये, चहा नंतर करू. दोन जुनी ब्लँकेट्स घेऊन ये, मऊ लवेची नकोत, ती घसरतात. तू सर्वांगासनात जा, मी काही बोलणार नाही. उतरताना तू काय करतेस ते मला बघायचंय. मग मी करीन आणि तू बघ. माझा डावा खांदा हल्ली आधी सुटतो असं वाटतं, पण ते मला आतून नीट कळत नाही.

तुझी,
बाई