लाइव्ह स्ट्रीम ३० सेकंद मागे आहे, अपलोड दुप्पट केल्यावर उशीर जाईल का?

तुम्ही ओबीएसमधून (प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर पाठवता, प्रेक्षक एचएलएसवर (व्हिडिओचे छोटे तुकडे, म्हणजे सेगमेंट, करून पाठवायची पद्धत) बघतात आणि ३० सेकंद मागे राहतात. अपलोड दुप्पट केलं तर उशीर एका सेकंदावर येईल का, असं विचारलंय.

नाही येणार. हे मी अंदाजाने सांगत नाहीये. याच समजुतीपायी माझ्यासमोर पैसे वाया गेलेत.

एका ऑनलाइन व्याख्यानमालेचं प्रक्षेपण आमच्याकडे होतं. मी नवीन होते, वरिष्ठांच्या हाताखाली. पहिल्या सत्रात बाईंनी विषय संपवला, "काही शंका?" विचारलं आणि चॅटकडे बघत थांबल्या. चॅट कोरं. अर्धा मिनिट वाट बघून त्यांनी पुढचा विषय घेतला. चार वाक्यं झाली असतील नसतील, आधीच्या विषयावरच्या शंका धडाधड यायला लागल्या. लोकांना वाटलं बाई टाळतायत, बाईंना वाटलं कुणी ऐकतच नाहीये. सत्र संपल्यावर मला म्हणाल्या, "भिंतीशी बोलल्यासारखं झालं गं." ते वाक्य मला अजून टोचतं.

वरिष्ठांनी लगेच सांगून टाकलं, नेट कमी पडतंय. मी म्हटलं, सर, सेगमेंट बघूया का एकदा? "तू केबलींकडे बघ," एवढंच उत्तर मिळालं. अपलोड दुप्पट झालं. पुढच्या सत्रात बाई पुन्हा कोऱ्या चॅटकडे बघत बसल्या.

त्या रात्री मी एकटीने मोजलं. कॅमेऱ्यासमोर स्टॉपवॉच लावलं, त्याच्याशेजारी मोबाइल डेटावर स्ट्रीम चालू असलेला फोन धरला आणि दोन्ही एका फोटोत घेतले. स्टॉपवॉचवर १४:२२.६, फोनवर १३:४५.१. साडेसदतीस सेकंद. मग प्लेलिस्टची, म्हणजे सेगमेंटच्या यादीची, फाइल उघडली. सर्व्हरला सेगमेंट २ सेकंदांचे करायला सांगितलेलं, पण फाइलमध्ये एकेका सेगमेंटवर कालावधी लिहिलेला १०.०००. खालपर्यंत सगळीकडे तोच आकडा.

कारण साधं आहे. सेगमेंट कीफ्रेमवरच (ज्या फ्रेममध्ये पूर्ण चित्र असतं ती) तुटतो. ओबीएसमध्ये कीफ्रेमचं अंतर ० म्हणजे आपोआप ठेवलेलं होतं, आणि एक्स२६४ ला (ओबीएसमधला एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) सोडून दिलं की तो २५० फ्रेमपर्यंत जातो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १० सेकंद. सर्व्हर बिचारा २ सेकंदांवर कापायला बसलेला, पण कापायला जागाच नाही. त्यात प्लेअर थेट टोकावरून सुरू करत नाही, तीन सेगमेंट मागे राहतो, म्हणजे ३० सेकंद. शिवाय चालू सेगमेंट पूर्ण झाल्याशिवाय प्लेलिस्टमध्ये येत नाही, ते आणखी काही सेकंद. उरलेलं एन्कोडरचं. या हिशेबात नेटचा वेग कुठेच नाही. फायबरमधून २०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायला प्रकाशाला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो. उशीर वाटेत होत नाही, साठवून ठेवण्यात होतो.

कीफ्रेमचं अंतर २ सेकंद केलं, बाकी कशालाही हात लावला नाही. पुन्हा फोटो काढला. फरक ९ सेकंद. दोन्ही फोटो सरांना दाखवले तर म्हणाले, नेट वाढवल्याचा परिणाम आता दिसतोय. यावर मी आजही वाद घालायला तयार आहे. नवीन माणूस आकडा घेऊन आला तर आधी आकडा बघा, माणूस नंतर.

तर तुम्हीही आधी मोजा, मग पाकिटाला हात घाला. कीफ्रेम २ सेकंदांवर, सेगमेंटही २ चा. एन्कोडरला झीरोलेटन्सी ट्यून लावा: पुढच्या फ्रेम बघून ठरवण्यासाठी तो ज्या फ्रेम अडवून धरतो (मीडियम प्रीसेटला ४०, म्हणजे आमच्या वेगाने १.६ सेकंद), त्या मोकळ्या होतात. एवढं केल्यावर साध्या एचएलएसवर उशीर आणखी फारसा खाली आणता येत नाही. ॲपलने २०१९ मध्ये आणलेल्या लो-लेटन्सी एचएलएसमध्ये सेगमेंटचे तुकडे तयार होतील तसे पाठवतात, तिथे २ ते ५ सेकंद जमतात. एका सेकंदाच्या आत हवं असेल तर एचएलएस सोडा आणि वेबआरटीसीवर (चित्र न साठवता जवळजवळ लगेच पोचवणारी पद्धत) जा. ओबीएसच्या ३० व्या आवृत्तीपासून व्हिपने (वेबआरटीसी सर्व्हरकडे पाठवायचा ठरलेला मार्ग) थेट तिकडे पाठवता येतं. सर्व्हरच्या बाजूची मांडणी मात्र वेगळी करावी लागते, ती इथे लिहीत बसत नाही.

हेही सांगायला हवं: कीफ्रेम जवळजवळ आल्या आणि झीरोलेटन्सी लावलं की तेवढ्याच बिटरेटमध्ये (सेकंदाला जाणारा डेटा) चित्र थोडं खराब होतं. हजारो प्रेक्षक असतील तर वेबआरटीसी सर्व्हरला जड जातं. आणि प्लेअरचा साठा फार कमी केलात तर ज्यांचं नेट हेलकावे खातं त्यांचं चित्र अडकणार. शंकासमाधान नसेल, नुसतं ऐकायचं असेल, तर ९ सेकंदांवर समाधानी राहा.

आणि हो, ओबीएसच्या खालच्या पट्टीत गळलेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल, तर तुमचं अपलोड खरंच कमी पडतंय आणि ते वाढवायलाच हवं. आमच्या त्या सत्रात तो आकडा ० होता. मी तो तेव्हाही दाखवला होता.