सुपरसॉनिक टेस्टला परवानगी देतं कोण?

प्रश्न: काका, आमचं घर पेडण्याला, मोपा विमानतळाची विमानं डोक्यावरूनच जातात. भाचा सांगत होता अमेरिकेत आवाजापेक्षा फास्ट खाजगी विमानाची टेस्ट झाली म्हणून. तिथे आपल्यासारखी जनसुनावणी वगैरे घेतात की नुसतंच उडवतात? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: नुसतंच नाही हो. तिथे 1973 मध्ये जमिनीवरून सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा फास्ट, नागरी उड्डाणाला बंदीच घातली, त्यामुळे टेस्ट करायची तर एफएए या त्यांच्या विमान खात्याकडून स्पेशल परवानगी काढायची, आणि अर्जात लिहून द्यायचं की टेस्ट कशासाठी, कुठल्या पट्ट्यात, समुद्रावर का जमत नाही, आणि खाली माणसांना, जनावरांना काय त्रास होईल, मग ते वाचून खातं पर्यावरणाचा आढावा घेतं. बूम कंपनीच्या एक्सबी-1 या टेस्ट विमानाला अशी परवानगी 2024 मध्ये मिळाली आणि 28 जानेवारी 2025 ला ते मोहावी वाळवंटावर मॅक 1.122 ला, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या 1.122 पट वेगाने गेलं. आपल्यासारखं मांडव घालून, माईकसाठी भांडाभांडी करून सुनावणी असते तसं मात्र नाही, बहुतेक काम कागदावरच.

बऱ्याच जणांना वाटतं आवाजाचा वेग ओलांडला की एकदाच धाडकन दणका बसतो. तसं नाही, वेग टिकेल तोवर विमान तो दणका वाटेभर मागे ओढत नेतं. 1964 साली ओक्लाहोमा सिटीवर मुद्दाम सहा महिने, दिवसाला आठेक, असे 1253 दणके दिले होते लोकांना सवय होते का बघायला, काचा फुटल्या, आणि शेवटी चौघांतला एक म्हणाला हे आम्हाला चालणार नाही.

एक्सबी-1 मात्र उंचावरून जेमतेम मॅक 1 च्या वर गेलं, अशा वेळी खालच्या गरम हवेत आवाज वळून परत वर जातो, म्हणून जमिनीवर धमाका ऐकू आला नाही असं कंपनी म्हणते. मग 6 जून 2025 ला ट्रम्पनी बंदी उठवा, आवाजाचं मानक ठरवा असा आदेशच काढला. माझं विचाराल तर वाळवंटावरच्या एका टेस्टला कागद पुरे, पण रोजची विमानं गावांवरून न्यायची तर खाली राहणाऱ्यांना विचारायलाच हवं. मोपाचा पर्यावरण दाखला सुप्रीम कोर्टाने 2019 ला रोखून धरला होता, 2020 च्या जानेवारीत मोकळा केला, ते तुम्हा पेडणेकरांना मी काय सांगायचं.