मुलाचे सगळे डोस झालेत, तरी पोलिओ रविवारी पुन्हा थेंब पाजायचे का?

हो, पाजा. तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, मुलगा तीन वर्षांचा आहे, कार्डावरचे डोस वेळेवर झालेत, इंजेक्शनही झालंय आणि भारत 2014 सालीच पोलिओमुक्त झाला, मग अजून बूथवर का बोलावतात? मी दिघ्यात अंगणवाडी सेविका आहे. हा प्रश्न प्रत्येक मोहिमेत कुणाच्या ना कुणाच्या दारात ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, पश्चिम बंगालच्या हावड्यातली एक लहान मुलगी. त्याआधी दोनच वर्षं, 2009 मध्ये, जगातले जवळपास निम्मे रुग्ण एकट्या भारतात होते, 741. नंतर तीन वर्षं एकही सापडला नाही, तेव्हा कुठे 27 मार्च 2014 ला प्रमाणपत्र मिळालं. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मात्र विषाणू अजून फिरतोय, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. लागण झालेल्या साधारण दोनशे जणांत एकाचेच हातपाय लुळे पडतात. बाकीच्यांना थोडा ताप येतो, नाहीतर काहीच होत नाही, पण त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. 2022 मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुणाला पोलिओ झाला.

आता तुमच्या मुलाचं. इंजेक्शन त्याला लुळेपणापासून वाचवतं. पण विषाणू आतड्यातच वाढू नये, हे काम तोंडातून दिलेले थेंब जास्त चांगलं करतात. त्यांतला विषाणू जिवंत पण अशक्त केलेला असतो आणि तो आतड्यात रुजावा लागतो. पोटात दुसरे जंतू असले, जुलाब होत असले की तो नीट रुजत नाही, म्हणून आपल्याकडे एक-दोन डोसांवर भागत नाही. एकाच वेळी सगळ्या मुलांना थेंब मिळाले की बाहेरून आलेल्या विषाणूला वाढायला आतडंच उरत नाही. रविवार ठरवलेला असतो तो यासाठी.

एक गोष्ट लपवायची नाही. जिथे बरीच मुलं लसीवाचून राहतात तिथे लसीतला हा अशक्त विषाणूच मुलामुलांतून फिरत राहून क्वचित पुन्हा घातक होतो. त्यावरही उपाय तोच, एकही मूल सुटू न देणं.

आणि मुलं सुटतात कशी ते मी दर वेळी बघते. बूथच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरोघर जातो. मागच्या मोहिमेत घणसोलीला एका बांधकामावर पत्र्याच्या खोल्यांत गेलो. परभणीकडची एक बाई म्हणाली, "गावाकडं पाजलाय की परवाच." बाळाची डावी करंगळी बघितली तर शाईचा मागमूस नाही. आईला खोटं बोलायचं नव्हतं, दोन वर्षांच्या मोठ्याला पाजलं होतं, वीस दिवसांचं हे बाळ तिने त्यात मोजलंच नव्हतं. तिला वाटलं इतक्या लहानाला चालत नाही. चालतं, जन्मल्या दिवसापासून चालतं. आईसपॅकच्या डब्यातून बाटली काढून आधी तिला लेबलावरचा चौकोन दाखवला. भोवतीच्या गोलापेक्षा तो फिकट असला तर लस चांगली, तेवढाच गडद झाला की आम्ही बाटली बाजूला ठेवतो. मग दोन थेंब. शेजारच्या खोलीला कुलूप होतं, दारावर खडूने एक्स काढला. एक्स राहिला की त्या घरी परत जायचं, सगळ्या मुलांना पाजून झालं की तिथे पी. त्या खोलीपाशी तीनदा गेलो, तिसऱ्यांदा संध्याकाळी सातला माणसं भेटली.

माझी मोठी बहीण डाव्या मांडीवर हात दाबून चालते. तिची प्रत्येक साडी त्याच जागी विरते, बाकी साडी नवी दिसत असली तरी. तिच्या लहानपणी आमच्या वाडीवर कुणी असं तीनदा आलं असतं तर, हा विचार मला प्रत्येक एक्सपाशी येतो.

तर रविवारी मुलाला आणा. आठवड्यापूर्वीच डोस झाला असेल तरी चालेल, साधी सर्दी असेल तरी चालेल. त्या दिवशी गावाला निघाला असाल तर ठाणे स्टेशनवर आमच्या लोकांची टीम असते, गाडीत बसण्याआधी पाजून घ्या. आणि तुमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताईंचं, वॉचमनचं पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्यांनाही आठवण करा. त्यांचा रविवार बऱ्याचदा कामाचाच असतो.