सोयाबीनमध्ये तूर पहिल्यांदा घेताय? ऊन आणि ओलीचा हिशोब आधी बघा

भाऊ, 4 ओळी सोयाबीन आणि 2 ओळी तूर असं टाका. तूर पहिले दीड-दोन महिने लय हळू वाढते, मधली जागा उघडी राहिली की ऊन सरळ मातीवर पडतं, तण माजतं आणि ओल उडून जाते, म्हणून तेवढा काळ ते ऊन सोयाबीनच्या पानांनी झेललं पाहिजे. भर दुपारी ओळीत उभं राहून खाली बघा, मातीवर उन्हाचे रुंद पट्टे दिसले तर रान अजून झाकलं नाही समजायचं. सोयाबीन 100-110 दिवसांत निघतं, मग तुरीला सगळं ऊन मोकळं, आणि तिची मुळं सोयाबीनपेक्षा खोल जात असल्याने खालची ओल तिच्याच कामी येते. सोयाबीन काढलं की लगेच तुरीच्या ओळींमधल्या मातीत डवरा (कोळपं) मारा, भेगा बुजतात, हे काम बरेच जण टाळतात आणि तिथंच ओल जाते!! मुरमाड रानात मात्र नुसत्या ओलीवर शेंगा भरत नाहीत, तिथं एक पाणी हाताशी ठेवाच. पाणी कळी लागताना द्या नाहीतर शेंगा भरताना, ऐन फुलोऱ्यात भरपूर सोडू नका, फुलगळ होते.