लाल कॅनमध्ये सोनं नेमकं किती? रंगावर जाऊ नका

दादा, तुम्ही लिहिलंय की बंद होणाऱ्या एका लॅबमधून कोलॉइडल गोल्डचा, म्हणजे सोन्याचे अतिबारीक कण तरंगत असलेल्या गडद लाल पाण्याचा, 20 लिटरचा कॅन मिळतोय आणि टीडीएस मीटरवर 240 पीपीएम (लिटरला 240 मिलिग्रॅम) आलं, म्हणजे झवेरी बाजारातल्या 10 ग्रॅमच्या तोळ्याने जवळपास अर्धा तोळा सोनं धरायचं का. नाही, अजिबात नाही. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतो, सोन्याचे कण त्याला कळतच नाहीत, तो आकडा सायट्रेट (कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेलं रसायन) आणि क्षारांचा आहे.

रंगाचं तर विचारूच नका. 15-20 नॅनोमीटरचे कण असले की लिटरला फक्त 50 मिलिग्रॅम सोन्यातसुद्धा पाणी कोकमच्या आगळासारखं लालभडक दिसतं. त्या हिशोबाने तुमच्या अख्ख्या कॅनमध्ये 1 ग्रॅम.

आटवून वजन करू असं डोक्यात असेल तर तेही नको. मी अंधेरीच्या लॅबमध्ये नवीन असताना 100 मिलि सोल (असंच सोन्याचं लाल पाणी) बीकरमध्ये सुकवला, तळाला तपकिरी पापुद्रा उरला, वजन तीसेक मिलिग्रॅम, मला केवढा आनंद झाला! नंतर कळलं त्यात सोनं जेमतेम 5, बाकी सगळं सायट्रेट आणि मीठ.

बरा अंदाज हवा असेल तर कुठल्यातरी कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये ओळख काढा आणि यूव्ही-व्हिजिबलवर (द्रव किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) 400 नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग घ्यायला सांगा, 1 सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (सॅम्पल ठेवायची छोटी पारदर्शक डबी). 0.6 आलं तर लिटरला साधारण 49 मिलिग्रॅम, त्याच प्रमाणात खालीवर. सोल गडद असेल तर आधी पातळ करा, रीडिंग 1 च्या आत आलं पाहिजे, आणि जितक्या पट पातळ केलं तितक्याने शेवटी गुणा. लोक 520 नॅनोमीटरचा पीक (जिथे शोषण सगळ्यात जास्त) बघतात, पण तो कणांच्या आकारावर आणि ते एकमेकांना चिकटलेत का यावर बराच बदलतो, 400 ला हा त्रास कमी.

पण पैसे मोजायचे असतील तर अंदाजावर थांबू नका. टेस्टिंग लॅबला स्पष्ट सांगा की ॲक्वा रेजियात (सोनं विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) पूर्ण विरघळवून मगच एएएस किंवा आयसीपीवर (धातूचं प्रमाण मोजणारी यंत्रं) टोटल गोल्ड काढा, आधी बारीक फिल्टर मारला तर गोळा झालेलं सोनं फिल्टरवरच राहायचं. हे घरी गॅलरीत करायला जाऊ नका, त्याची तपकिरी वाफ फुप्फुसांना घातक असते.

आणि सॅम्पल घेण्याआधी कॅन नीट हलवा. जुन्या सोलमध्ये सोनं गोळा होऊन तळाशी बसतं, जांभळट-काळा गाळ दिसतो, भिंतींनाही चिकटतं. वरवरचं घेतलंत तर कमी भरेल, तळाचं घेतलंत तर जास्त. झारेकरी सोनाराच्या दुकानातल्या केरातला सोन्याचा कणसुद्धा सोडत नाहीत, तुम्हीही रिकामा कॅन फेकू नका, गाळासकट लॅबला द्या. विकणाऱ्याला सांगा की आधी हलवून 100 मिलि द्या, रिपोर्ट आल्यावर भाव ठरवू. तो तयार नसेल तर सौदा सोडून द्या.