पडतील म्हणून बसवून ठेवू नका

“बाबा पडले तर?” पक्षाघातानंतर बहुतेक घरांत हीच भीती असते. ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या एका लेकीचीही तीच होती. वडील 62 वर्षांचे, डावी बाजू कमजोर, झटक्याला तीन महिने झालेले. उठवताना घरचे दोन्ही दंड धरून ओढत. तोल तर सुधारत नव्हताच, वर डावा खांदा दुखायला लागला. कमजोर हात ओढला की खांद्याचा सांधा खाली सरकू शकतो, म्हणून आधी ते ओढणं बंद करायला सांगितलं.

तोल सावरायची वेळ आली तरच शरीर तो सावरायला शिकतं. बसवून ठेवलं की पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांनी बीपी पाहून होकार दिल्यावर फिजिओथेरपिस्टने खुर्चीपासून सुरुवात केली. बिनचाकांची, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवली आणि घडी केलेल्या सतरंज्या घालून बैठक उंच केली. पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, त्यातही डावं उजव्यापेक्षा थोडं मागे. मग भार चांगल्याच पायावर टाकता येत नाही. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकून उठायचं. बहुतेकांचं चुकतं ते इथे: भीतीने अंग मागेच राहतं आणि माणूस धपकन परत बसतो. पाच-पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमलं की एक सतरंजी कमी.

मग ओट्याला धरून उभं राहणं, मागे खुर्ची. उजवं पाऊल दोन-तीन इंच उंचीच्या, न सरकणाऱ्या पाटावर ठेवून पाच अंक मोजायचे; तेवढा वेळ भार डाव्या पायावर. गुडघा मागे झटकत असेल तर थांबून फिजिओला दाखवावं.

चालताना लेकीने डाव्या बाजूला, किंचित मागे राहून कमरेचा पट्टा धरायचा. काठी उजव्या हातात. स्लीपर नको, टाचेला पट्टा असलेली चप्पल हवी. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार, लागतो. वळताना पाय जागच्या जागी पिळायचा नाही, छोटी पावलं टाकत गोल फिरायचं. वळताना तोल पटकन जातो.

चक्कर आली, छातीत दुखलं तर व्यायाम थांबवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली ताकद अचानक गेली, तर लगेच 108.

“तलावपाळीला कधी नेऊ?” हा तिचा पुढचा प्रश्न. तलावपाळी म्हणजे ठाण्यातली तळ्याकाठची फिरायची जागा. आधी इमारतीच्या पॅसेजमध्ये बोलत बोलत चालता आलं पाहिजे. ते जमलं की सकाळी, गर्दी नसताना, बाकापासून बाकापर्यंत.