आजोबांच्या नावाचा लघुग्रह घेता येईल का?

प्रश्न : पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह आहे असं वाचलं. माझे आजोबा पण गातात, पुढच्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तर त्यांच्या नावाचा एखादा घेता येईल का? साधारण किती पैसे पडतात? गेल्या वर्षी एका साइटवरून मामांसाठी तारा घेतला होता, सर्टिफिकेट पण आलं. – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी वाईट बातमी सांगून टाकतो, मामांचा तारा फक्त त्या सर्टिफिकेटवरच आहे, खगोलशास्त्रात त्याची कुठेच नोंद होत नाही. फ्रेम चांगली असेल तर राहू द्या भिंतीवर. लघुग्रहाचं नाव मात्र खरंखुरं असतं, त्याला एक पैसा लागत नाही, आणि म्हणूनच ते विकत मिळत नाही.

जसराजांचाच घ्या. 11 नोव्हेंबर 2006 ला तो सापडला, मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात. तेव्हा त्याचं नाव होतं 2006 व्हीपी32, दिसायला गाडीची नंबरप्लेट, पण आत अख्खा जन्मदाखला आहे बघा. वर्षाचे 24 पंधरवडे, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर (आय वगळून), त्यात व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढचं अक्षर त्या पंधरवड्यातला नंबर सांगतं, पण अक्षरं 25च, ती संपली की परत ए पासून सुरू, असं किती वेळा झालं ते शेवटचा आकडा सांगतो. म्हणजे तबल्याच्या भाषेत 25 मात्रांची 32 आवर्तनं झाली आणि हा पंधराव्या मात्रेवर, पी वर, आला. हिशोब केला तर 815 वा! पंधरा दिवसांत!!

एवढे सापडतात कसे, तर आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या मिनिटांनी फोटो काढायचे, तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका सरकलेला दिसतो. पण एकदोन रात्रींवरून काढलेली कक्षा कच्ची असते, ठिपका सूर्याच्या बाजूला गेला की गायब, मग सव्वा-दीड वर्षांनी समोर आला की परत शोधा. असं साधारण चार वेळा जमलं की कक्षा पक्की धरतात आणि कायमचा क्रमांक मिळतो. याला मिळाला 300128. आता हा शेवटून दोन-दोन आकडे घेऊन वाचा, 28-01-30, पंडितजींची जन्मतारीख! मला वाटतं नाव सुचवणाऱ्याने नंबर बघूनच हा निवडला असणार.

नाव सुचवायचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा, दहा वर्षं. स्वतःचं नाव मात्र देता येत नाही. मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती देते. 16 अक्षरांच्या आत बसवा, राजकारणी आणि सेनानी असतील तर मृत्यूनंतर 100 वर्षं थांबा (हा नियम आपल्याकडच्या चौकांना लावला तर काय बहार येईल), आणि कुत्र्यामांजरांची नावं नकोत. जसराजांचं नाव 2019 च्या सप्टेंबरात जाहीर झालं, पुढच्याच ऑगस्टमध्ये ते गेले, म्हणजे ते कौतुक त्यांना स्वतःला बघायला मिळालं.

तर पुढच्या महिन्यापर्यंत आजोबांचं काम होणं अवघड आहे. पण एक सुचवतो. 17 एप्रिल 1861 ला मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सनने एक लघुग्रह शोधला, आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नाव पण ‘एशिया’, क्रमांक 67. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सरासरी 2.42 पट लांब, त्यामुळे सूर्याभोवती एक फेरी पावणेचार वर्षांची. आजोबांनी हजार पौर्णिमा बघितल्या ना, तेवढ्यात त्याच्या एकवीस फेऱ्या पूर्ण होऊन बाविसावी चालू आहे. निमंत्रणपत्रिकेत हे छापा, फुकट आहे.